पहिला घास सुनेचा

कापसानं सगळ्यांचीच जिरवली, त्या वर्षांतली गोष्ट. घाटंजीतल्या आमच्या स्वयंपाकघरातच, वरच्या फळीवर फवारणीचं औषध असायचं. गावात अधूनमधून कुणीतरी ते पिऊन मरायचं. त्याच घरात माझी आई रोज संध्याकाळी एक मालिका बघायची. तिच्यातली सून गोड बोलायची, सासूच्या पाया पडायची आणि दुधात विष कालवायची.

माझी वहिनी दारव्ह्याची, नवीनच आलेली. तीही गोड बोलायची, आणि फुटकं नशीब, रोज पाया पडायची.

"टीव्हीतली बी अशीच वाकते," आई मला म्हणाली.

तेव्हापासून नेमच झाला. ताट वाढलं की पहिला घास वहिनीनं खायचा, मग आईनं. दादा मुकाट्यानं जेवायचा. मेल्याला एकदा तोंड उघडता आलं नाही!

घरी महालक्ष्म्या बसल्या. वहिनीनं उपाशीपोटी पुरण केलं, सोळा भाज्या, आंबील. मीठसुद्धा चाखलं नाही. सवाष्णी जेवायला येऊन बसल्या होत्या. ती नैवेद्याचं ताट घेऊन निघाली तर आई आडवी आली.

"थांब. तू खाय पयले."

"आई, नैवेद्य हाय. उष्टा होईन."

"होऊ दे. टीव्हीतल्या सुनेनं परसादातच इख टाकलं होतं."

वहिनी देवीसमोर आंबील प्यायली. उष्ट्या नैवेद्यावर कोण जेवणार? सवाष्णी उठल्या. एक जण दारातच म्हणाली, "काहीतरी असंन, म्हणूनच ना!" झालं. वहिनीला पुन्हा कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आईच्या डोक्यातलं खूळ अख्ख्या गल्लीनं खरं मानलं, सटव्या साऱ्या!

पुढं आईचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. भरवायला वहिनीच. ती आधी एक घास स्वतः खायची, मगच आई तोंड उघडायची. मी माहेरी आले होते तेव्हा वहिनीनं खिचडीचा चमचा थेट आईच्या ओठांशी नेला.

"आज तुमी पयले."

आईनं ओठ घट्ट मिटले. वहिनी थांबली. मग आईच्या समोर बसून तिनं सगळी खिचडी चाटूनपुसून खाल्ली. आई बघत होती, भुकेनं तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मला राहवलं नाही. "अवं, थोडी तरी ठेवाची!"

"खाऊन दाखोलं ना," वहिनी वाटी विसळत म्हणाली. "आता तरी इस्वास बसंन."