विकत न घ्यायचं घर

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांना एक नाद लागला. सकाळचा चहा घेता घेता आयपॅडवर विकाऊ घरं बघायची, तीही भलीमोठी. मँचेस्टरमधल्या आमच्या शेजाऱ्याला भिंत लागून असलेल्या सेमी-डिटॅच्ड घरात आम्ही दोघं मजेत आहोत, घर बदलायचा विषयही नाही. तरी एका शुक्रवारी हे म्हणाले, डार्बीशायरमध्ये एक जुनं दगडी मॅनर हाउस, म्हणजे जमीनदाराचा वाडाच, विकायला निघालंय, रविवारचं व्ह्यूइंग बुक केलंय.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसताना मी एवढंच बजावलं, की खोटं बोलायचं नाही.

मोठ्या फाटकातून आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना कुरण, त्यात जुने ओक आणि चरणाऱ्या मेंढ्या. घर मधाच्या रंगाचं. एजंटला काही काम निघालं होतं, म्हणून घरमालकीणबाईंनीच दार उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, पायात बागेतले बूट. ह्यांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं, की हे घर घेण्याची आमची ऐपत नाही, फक्त बघायची फार इच्छा आहे.

बाई म्हणाल्या, "बरं झालं. घेणारे लोक नुसती मापं घेतात. या आत."

घर त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून पुन्हा उभं केलं होतं. घेतलं तेव्हा छप्पर गळत होतं. आधी कुणीतरी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरून ठेवलेलं, त्याने भिंतीतली ओल आतच कोंडायची. बाईंनी ते स्वतः खरवडून काढलं आणि पुन्हा चुना भरला. सांगताना भिंतीवरून त्यांचा हात असा फिरत होता, जसा आपण शाळेतून आलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतो. जिन्याच्या कठड्याचे लाकडी खांब नवऱ्याने घडवलेले. त्यातला एक उलटा बसलाय, पण कुठला ते तो कुणालाच सांगत नाही, म्हणाल्या.

नवरा स्वयंपाकघरात बसला होता. गुडघ्यांमुळे जिना बंद झालेला, झोपायची सोय खालीच लायब्ररीत. घर विकायचं कारणही तेच. चहासाठी आम्ही आत गेलो तेव्हा टेबलाला धरून ते कसेबसे उठले. ह्यांनी अख्खी हयात हाडांच्या दवाखान्यात काढलेली. लगेच विचारलं, तुमच्या डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केलीये का? तशी नव्हती. गेल्या हिवाळ्यात एकदा पडता पडता वाचल्यापासून त्यांनीच धसका घेतला होता.

चहा झाल्यावर हे म्हणाले, "चला, वर जाऊन येऊ. चढताना चांगला पाय आधी. मी मागे आहे."

दोघं थांबत थांबत चढत होते. मध्येच एका खांबापाशी म्हातारबुवांनी ह्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. मी आणि बाई खाली उभ्या. वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मी काळजीने बाईंकडे पाहिलं, तर त्यांचे डोळे भरून आले होते.

"निरोप न घेताच त्याचा वरचा मजला सुटला होता," त्या म्हणाल्या. "मला तेच सलत होतं."

खाली आल्यावर म्हातारबुवा इतकंच म्हणाले, की दक्षिणेकडचा ओक चांगलाच पसरलाय. परतताना बाईंनी मला पिशवीभर आलुबुखार दिले. पुढच्या आठवड्यात मी त्यांचा मुरंबा घेऊन गेले आणि मग जाणं-येणं सुरूच झालं.

घर शेवटी लंडनहून आलेल्या एका कुटुंबाने घेतलं. बाई आणि म्हातारबुवा जवळच्याच गावात एका छोट्या बैठ्या बंगल्यात राहायला गेले. एकही पायरी नाही, खिडकीतून बसस्टॉप दिसतो. सामान हलवायला आम्हीही होतो. बाई त्या दिवशी रडतील असं मला वाटलं होतं, पण त्या मूव्हर्सवर ओरडण्यात गुंग होत्या.

वसंतात आम्ही चौघं त्या कुरणातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवरून थोडं चालून आलो. नव्या लोकांनी ओकला झोका बांधला होता आणि खिडक्यांना गडद जांभळे पडदे लावले होते. बाईंनी पडद्यांकडे बघून नाक मुरडलं. मग नवऱ्याचा हात धरून म्हणाल्या, "पाऊस येईल, चला." आमच्या गाडीत बसल्यावर दोघांचं भांडण जुंपलं, त्यांच्या बंगल्यामागच्या वीतभर जागेत टोमॅटो लावायचे की गुलाब.