उजवीकडून उघडणारं पुस्तक

शालिकरामचा आवाज ब्रह्मपुरीपासून आरमोरीपर्यंतच्या गावांना ओळखीचा होता. चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिला होता. झाडीपट्टीच्या नाटकांत तो प्रॉम्प्टर होता. रंगमंचाच्या पुढ्यात एक खड्डा खणतात. त्यात पेटीवाला आणि तबलेवाला बसतात, आणि त्यांच्या शेजारी, प्रेक्षकांकडे पाठ करून, मांडीवर नाटकाची वही घेतलेला एक माणूस. नागपूरहून आलेली नटी काल एका गावात विधवा असते, आज दुसऱ्या गावात वकिलीण. पाठांतराला सवड कुणाला? मग खड्ड्यातला माणूस अख्खं नाटक वाचतो, नट त्याच्यामागून बोलतात. राजाच्या डोळ्यांत पाणी येण्याआधी राजाचं रडणं खड्ड्यात होऊन गेलेलं असतं. लोकांना दोन्ही आवाज ऐकू येतात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. "पयले खड्डा बोलते, मंग माणूस," असं म्हणून ते सुपारी कातरत बसतात.

वीस वर्षं एक वाक्य पुढे राहून शालिकरामच्या जिभेला तसंच वळण पडलं होतं. घरी बायकोनं तोंड उघडलं की हा म्हणे, "मीठ सरलं." भागीरथा चिडायची. "माह्या तोंडातलं तरी माह्यासाठी राहू द्या जी!"

दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं, आणि उरलेले दिवस गावच्या तलावात जाळं. ढिवराच्या घरात जन्मलेल्याला पाण्यासमोर गप्प बसणं शिकवावं लागत नाही. तलावावर तो बोलतच नसे. पाण्यात पुढचं वाक्य नसतं.

एकदाच तो मागे पडला होता. पायल तेव्हा आठ वर्षांची होती. तिची हाडं दुखायची, डोळे पिवळे व्हायचे, गावात कुणी कावीळ म्हणे, कुणी बाहेरचं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, सिकलसेल. "अर्धा दोष तुमच्याकडून, अर्धा बाईंकडून. तुम्हा दोघांना काही त्रास नाही. मुलीत दोन्ही अर्धे एकत्र आले." शालिकराम डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहिला. पुढचं वाक्य त्याला सापडलं नाही. परतीच्या बसमध्ये त्याच्या मनात आलं, दहा वर्षांच्या संसारात आपण दोघांनी मिळून पूर्ण केलेली वस्तू ती हीच.

सात वर्षं तशी गेली. रक्त उतरलं की चंद्रपूर, बाटली चढवली की परत. पायल पंधरा वर्षांची झाली, पण दिसायची अकराची. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, रक्त चढवायची तारीख आली तेव्हा ती बाजेवरून उठलीच नाही.

"मी नाई येत."

"काऊन बेटा?"

"भरते, आटते. भरते, आटते. मी का तलाव हाओ?"

भागीरथा रडली, मग ओरडली, मग तिनं देवाला नवस बोलला. पायल भिंतीकडे तोंड करून पडली. नखं पांढरी पडत चालली होती. चंद्रपूर गाठायला फार तर आठ-दहा दिवस हाती आहेत, हे शालिकरामला नखांवरून कळत होतं.

त्याच आठवड्यात कय्यूमनं त्याला बोलावलं. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे टिनाच्या शेडमध्ये कय्यूमचा व्हिडिओ हॉल होता. घरोघर केबल आल्यापासून तिथे माणसांपेक्षा बाकं जास्त दिसत. त्याच्या साळ्यानं नागपूरहून एक सीडी पाठवली होती, जपानी सिनेमाची. पुढच्या काळातलं शहर, लोखंडी अंगाची माणसं, सगळा विज्ञानाचा खेळ. सिनेमात माणसं खरीखुरी होती. पण गोष्ट मूळची एका चित्रांच्या पुस्तकातली, आणि तेही पुस्तक साळ्यानं रद्दीतून शोधून सोबत दिलं होतं. अडचण एकच होती. सगळे जपानीत बोलत.

"हिंदी नाई, काई नाई," कय्यूम म्हणाला. "पन फायटिंग अशी हाय शालिकभाऊ, का पब्लिक येडी होईन. तुमी नाटकात बोलता, तसे माह्या इथी बोला. पडद्याच्या बाजूले बसा अन् कहानी सांगा. ही तुमची वही." आणि त्यानं ते जाडजूड पुस्तक त्याच्या हातात ठेवलं.

शालिकरामनं पुस्तक घरी आणलं आणि पायलच्या बाजेशी बसून उघडलं. अक्षरं म्हणजे विखुरलेल्या काड्या. चित्रं मात्र स्पष्ट होती. पहिल्या पानावर पावसात गंजत पडलेला लोखंडाचा एक ढीग, समोर म्हातारा माणूस. पुढच्या पानावर ढिगाला डोळे दिसले, डोळ्यांत उजेड. मग ती लोखंडाची मुलगी उठलेली, पडक्या शहरात लढणारी. मग तिचा एक हात माणसाचा. मग दुसरा. म्हातारा पानागणिक तरुण होत चाललेला. मग इस्पितळाची खाट, खाटेवर अख्खी हाडामांसाची मुलगी, पायाला पट्टी. आणि शेवटी नदीकाठच्या उंच गवतात चतुरामागे धावणारी, हसणारी.

तो सांगत गेला. पायलनं आधी नुसतं तोंड वळवलं. मग कोपरावर टेकली. मग म्हणाली, "मंग?"

कित्येक महिन्यांत तिनं 'मंग' म्हटलं नव्हतं.

"मंग का, बाप एक एक अवयव बदलवते तिचा. लोखंड काहाडते, मास लावते."

"अन् शेवटी पळते?"

"हे पाह्य न, तिचे पाय. पळूनच राह्यली."

तिनं ते पान किती तरी वेळ पाहिलं. धावणाऱ्या मुलीच्या पोटऱ्यांवरून बोट फिरवलं. "जपानात होते का जी असं?"

"होत असन. एवढं मोठं पुस्तक का खोटं काहाडतीन?"

"मले पिक्चर दाखवा. खऱ्या माणसाचा हाय न? थो पाह्यतो, अन् मंग येतो चंद्रपूरले."

शुक्रवारी दुपारचा खेळ होता. भागीरथा पायलला जीपनं घेऊन येणार होती. शालिकराम तासभर आधी पोचला. कय्यूम यंत्राच्या वायरी जोडत होता.

"जमली कहानी?"

शालिकराम मोठ्या उमेदीनं सांगू लागला. निम्म्यावर आला तेव्हा कय्यूमचे हात थांबले. त्यानं पुस्तक घेतलं, उलटसुलट केलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे भाऊ, उलटी वाचली तुमी! हे आपल्या उर्दूसारखं हाय. उजवीकडून उघडते. हे पाह्य, हे पयलं पान." पहिल्या पानावर मुलगी चतुरामागे धावत होती. "पयले बिमार पडते. मंग बाप एक हात लोखंडाचा लावते. मंग दुसरा. अन् आखरीले..." त्यानं पुस्तक पुरतं उलटवलं. पाऊस, गंज, म्हातारा.

शालिकरामनं पान पाहिलं. चित्र तेच होतं. काल त्याच चित्रानं आरंभ केला होता.

"कय्यूमभाई, पिक्चर उलटा लावता येईन का?"

"उलटा लावला तं पब्लिक मलेच उलटा टांगन." तो हसला. मग शालिकरामचं तोंड पाहून हसू आवरून म्हणाला, "काऊन? का झालं?"

"पायल येऊन राह्यली."

पुस्तक कय्यूमनं दोन्ही हातांनी परत दिलं.

हॉल बऱ्यापैकी भरला. भातगिरणीचे हमाल, मंडईतल्या बाया, पाणटपरीवरचा झिंगू. पायल पुढच्या सतरंजीवर आईला टेकून बसली. पडद्यावर गवत आलं, नदी आली, हसत धावणारी मुलगी आली. पायलनं चमकून बापाकडे पाहिलं.

"हे तिचं सपन आहे," शालिकराम घाईघाईनं बोलला. "पुढं काय होणार, ते तिला सपनात दिसून राहिलं आहे."

आणि मग त्यानं वीस वर्षांची सगळी जीभ पणाला लावली. मुलगी खाटेवर पडण्याआधी तो म्हणाला, "आता ती आराम करणार." बापानं करवत उचलण्याआधी म्हणाला, "हा हात दुखणाईत होता. याच्या जागी थोड्या दिवसांपुरता लोखंडाचा. आतून नवा उगवून राहिला आहे." लढाईत तर त्याचं भान हरपलं. घाव पडण्याआधी घाव, किंकाळीआधी किंकाळी. मागून झिंगू ओरडला, "अगा शालिकभाऊ, मारनाऱ्याले मारू तं दे! तूच मारून मोकडा होतं!" हॉल हसला. पायलही हसली.

बाप म्हातारा झाला. मुलगी सगळी लोखंडाची झाली आणि बापाला ओळखेनाशी झाली. पडक्या शहरात पाऊस लागला. म्हातारा तिच्यासमोर बसून काहीतरी सांगत होता, जपानीत, पुन्हा पुन्हा, तेच. तिच्या डोळ्यांतला उजेड लुकलुकू लागला.

इथे शालिकरामनं बोलायला हवं होतं. वाक्य त्यानं तयार ठेवलं होतं. ते जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. हॉलमध्ये नुसता पाऊस वाजत राहिला. उजेड विझला. गंज दिसला. अक्षरांच्या काड्या वर सरकू लागल्या, आणि तेव्हा, सगळं झाल्यावर, खड्ड्याबाहेर फेकल्या गेलेल्या माणसासारखा तो बोलला, "झोपली ती. सकाळी उठणार. उठून पळणार. सपनात दिसलं होतं तसं."

लोकांनी टाळ्या पिटल्या. एक बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "वाचली बाई पोरगी."

पायलनं टाळी वाजवली नाही. बसस्टँडवर जीपची वाट पाहताना ती बापाच्या शेजारी दगडावर बसली. भागीरथा पाणी आणायला गेली होती.

"बाबा, तुमी पूरा पिक्चरभर पुढं होते."

"हो."

"शेवटीच मांगं राह्यले."

शालिकरामनं रस्त्याकडे पाहिलं. जीप येत नव्हती.

"उद्या जाऊ चंद्रपूरले," पायल म्हणाली.

"तू म्हनत होती, पिक्चर पाहून..."

"हो. तुमी माह्यासाठी बोलले, मंग मी बी तुमच्यासाठी बोलतो." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. हात उन्हात असून थंड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. कय्यूमनं ते परत मागितलंच नव्हतं. नागभीड मागे पडलं. बाहेर पळसाची झाडं उन्हात सुकून उभी होती.

"आपल्या बाजूनं वाचा," ती म्हणाली. "पयल्यासारखं."

शालिकरामनं पुस्तक मांडीवर घेतलं. बोटांनी ते उजवीकडून उघडलं. धावणारी मुलगी पाहताच त्यानं ते मिटलं आणि डावीकडून उघडलं. पाऊस. गंज. म्हातारा. परवा या चित्रापासून गोष्ट निघाली होती. आज त्याला तिथून कुठेही वाट दिसेना.

पायलनं डोळे मिटले होते. डोकं त्याच्या खांद्यावर होतं. तिनं हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मंग तिच्या डोयात उजेड येते."

"मंग तिच्या डोयात उजेड येते," शालिकराम म्हणाला.

"मंग ती उठते."

"मंग ती उठते."

असं सिंदेवाहीपर्यंत चाललं. ती पुढे, तो मागे. हात माणसाचा झाला. दुसरा झाला. खाटेवरची मुलगी आली, पायाला पट्टी बांधलेली. शालिकराम थांबला आणि वाट पाहू लागला. पायलचा श्वास खांद्यावर लागत होता, बारीक, सावकाश. तिला झोप लागली होती.

गवताचं पान अजून पुढे होतं. त्यानं ते उलटलं नाही. सांगणारं कुणी नव्हतं. चंद्रपूर येईस्तोवर तो त्या खाटेकडे पाहत बसला.