आगिमचा स्वेटर

माझी बायको गेली, हे मला हातीजेनं सांगितलं. मी नवरा, आणि मला शेजारणीनं सांगितलं. इस्पितळाच्या खाली कोल्ड स्टोअर आहे, इकडे बहारीनमध्ये कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला तसंच म्हणतात, तिथं मी जैबुनसाठी ताकाची बाटली आणायला उतरलो होतो. तिनंच मागितलं होतं. वर आलो तर लिफ्टच्या दाराशी हातीजे उभी. तिनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि म्हणाली, "हाजी... खलास." शेवटच्या वेळी जैबुनचा हात हातीजेच्या हातात होता. लोक म्हणतात, बरं झालं, कुणीतरी जवळ होतं. मला बरं वाटत नाही. चाळिसावा होऊन गेला तरी वाटत नाही. तो हात धरायचा मान माझा होता.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. दापोलीकडचा. उमर सगळी अस्करच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात गेली, वितळलेल्या धातूच्या हौदांपाशी. लिहायची सवय नाही, त्यामुळे जे लिहीन ते सरळ लिहीन. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात, ते मी लिहीनच, पण जैबुनची गोष्ट हातीजेला सोडून सांगता येत नाही, आणि हातीजेचं नाव आलं की माझं डोकं तापतं. हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही मआमीरला राहायचो तेव्हा शेजारच्या घरात हातीजेचं कुटुंब आलं. नवरा वेल्डर, गोरापान, कायम गप्प. युगोस्लाविया म्हणून देश होता, तो फुटून त्याचे तुकडे झाले, त्यातल्या मॅसिडोनिया नावाच्या तुकड्यातले हे अल्बेनियन मुसलमान. हातीजे म्हणजे आपली खतीजाच, असं जैबुननं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. दोघींना एक भाषा येत नव्हती. हातीजे तिला 'मोतर' म्हणायची, म्हणजे त्यांच्यात बहीण, आणि जैबुन तिला आपल्या पद्धतीनं 'बाय' म्हणायची. बाकी सगळं मफी, यल्ला, खलास असे इथले दोनचार अरबी शब्द आणि हातवारे. तेवढ्यावर दोघी तासन् तास बोलायच्या. मी आणि जैबुन एकाच तालुक्यातले, एकच बोली बोलणारे, आणि आमचं बोलणं मीठ कमी आहे का, एवढ्यावर संपायचं. आमच्या घरात चहा होता, तिथं बोटभर उंचीच्या कपात काळी कॉफी शिरली. मी शिफ्टवरून आलो की दारातच तो वास यायचा, आणि मला कळायचं की आजही ती येऊन गेली.

मग तिकडे मारामारी सुरू झाली. तेतोवो नावाचं त्यांचं शहर, त्याच्या वरच्या डोंगरात अल्बेनियन लोक बंदुका घेऊन बसले. आमची भाषा शाळेत नाही, पोलिसात आमचा माणूस नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खाली सरकारचे रणगाडे. आणि त्या वरच्यांत हातीजेचा भाऊ होता, आगिम. गवंडीकाम करायचा, एक दिवस थापी ठेवून वर गेला. त्याचा फोटो हातीजेच्या फ्रीजवर चुंबकानं लावलेला असायचा. घराच्या दारात उभा, इतका उंच की चौकटीला डोकं लागू नये म्हणून मान वाकवलेली, आणि हसतोय.

हातीजेच्या घरी डिश नव्हती, आमच्याकडे होती. झालं. संध्याकाळची मगरीबची नमाज आटपली की हातीजे आमच्या सोफ्यावर. इंग्रजी चॅनल लावायचं, मग अरबी, मग हिंदी, मग परत इंग्रजी. मला कारखान्यात साहेबांशी बोलून बोलून कामापुरतं इंग्रजी येत होतं, तर मला मध्ये बसवायचं. "अवो, काय बोलतो तो मेला?" जैबुन विचारायची. मी सांगायचो, ती हातवारे करून हातीजेला सांगायची. एरवी माझ्याकडे मान वर करून न बघणारी बायको तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण ती माझं तोंड बघत नव्हती, माझ्या तोंडातून आगिम बाहेर पडतो का, ते बघत होती.

बातम्यांची एक गंमत मी तेव्हा बघितली. एका चॅनलवर तीच माणसं बंडखोर, दुसऱ्यावर अतिरेकी, तिसऱ्यावर मुसलमान लढवय्ये. एकच जळणारं घर सगळीकडे दाखवायचे, तेच छप्पर, तोच धूर, आणि प्रत्येक ठिकाणी ते कुणी जाळलं याचं उत्तर वेगळं. मी जैबुनला म्हटलं, "आमच्या हौदातला धातू तरी एका नावानं ओळखला जातो." पुढे काही महिन्यांनी तहाच्या कागदावर सह्या झाल्या, तेव्हा त्याच लोकांचे पुढारी कोट घालून खुर्चीवर बसलेले दाखवले. पण ते नंतर.

वर डोंगरात बर्फ आहे, असं टीव्हीवर दिसलं आणि जैबुनच्या डोक्यात आलं की आगिमला स्वेटर पाहिजे. बहारीनमध्ये! बाहेर अंडं फोडलं तर शिजेल अशा गावात माझी बायको लोकर घेऊन बसली. हातीजेनं तिला सुया धरायला शिकवलं. गडद हिरवी लोकर, गळ्याला पिवळी पट्टी. तो गळा तिनं किती वेळा उसवला असेल! आणि मापाला मी. कामावरून दमून यावं तर, "उभे राव जरा, हात वर करा." पाठीला अर्धवट विणलेलं लावायची, वितीनं खांदे मोजायची.

"मी काय खुंटी हाय?" मी म्हणायचो.

"खुंटी बोलत नाय. तुमी पण बोलू नका."

माझ्यासाठी तिनं जन्मात काही विणलं नव्हतं. नमाजनंतर हात वर करून त्याच्यासाठी दुवा मागायची, नाव घेऊन. एकदा मी बोललो, "माझ्या भावासाठी कधी एवढी दुवा मागितली नाहीस."

"तुमचा भाव दापोलीत पंख्याखाली झोपलाय. त्याला कशाला दुवा?"

"आणि मी? मी पण आगीपाशीच असतो दिवसभर."

"तुमच्या आगीला सुट्टी असते," ती म्हणाली, आणि परत टाके मोजायला लागली.

स्वेटर झाला. हातीजे घेऊन गेली, गावाला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते म्हणाली. त्या दिवसापासून या दोघींचं बातम्या बघणं बदललं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं टीव्हीवर आली की सगळं जग त्यांच्या बंदुका बघायचं, या दोघी गळे बघायच्या. पिवळी पट्टी दिसते का. "थांबवा, थांबवा," जैबुन ओरडायची, जसा काही तो व्हिडिओ होता. पट्टी कधी दिसली नाही.

एक दिवस टीव्हीवर एक म्हातारी आली. डोक्याला काळा रुमाल, जळलेल्या घरासमोर उभी, हातात कॉफीचं पातेलं. तसलंच लांब दांड्याचं पातेलं, जे हातीजेनं आमच्याकडे आणून ठेवलं होतं. जैबुनच्या डोळ्यांना पाणी. "बघ बाय, तुझ्या गावच्या म्हातारीचं घर जाळलं त्यांनी."

मी म्हटलं, "ती हिच्यातली नव्हे. ती दुसऱ्या बाजूची, ख्रिस्ती आहे. घर यांच्या माणसांनी जाळलं म्हणतात."

जैबुन माझ्याकडे बघत राहिली. "डोक्यावर रुमाल हाय की तिच्या."

"त्यांच्यातल्या म्हाताऱ्या पण बांधतात."

मग ती हातीजेकडे वळली. दोन बोटांनी टीव्हीतल्या आगीकडे दाखवलं आणि सरळ विचारलं, "आगिम?" बाकी काही नाही. एवढाच एक शब्द, पण त्यात सगळं आलं... हातीजे उठली आणि चपला पायात न घालता, हातात घेऊन निघून गेली.

ती बरेच दिवस फिरकली नाही. मला सण होता. घरात परत चहाचा वास. जैबुन माझ्यासमोर बसून जेवायची. पण जेवताना तिचे कान भिंतीला असायचे, पलीकडे भांडं वाजलं की घास हातात थांबायचा. दुवा चालूच होती. फक्त आता आगिमच्या मागून ती म्हातारीचंही नाव घ्यायची, नाव माहीत नसल्यामुळे 'ती पातेलंवाली' म्हणून. एका संध्याकाळी तीच उठली, ते लांब दांड्याचं पातेलं घेतलं आणि पलीकडे गेली. काय बोलल्या, देव जाणे. आली तेव्हा दोघींची नाकं लाल होती. आणि माझा सण संपला.

वर्षं गेली. हातीजेचा नवरा इथंच मातीत गेला. तिची मुलगी इथल्याच शाळेत शिकवते, म्हणून ती राहिली. मी रिटायर झालो, मुलगा इरफान आम्हाला सीफला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. मला वाटलं आता सुटलो. कसचं! मुलगी गाडीनं आणून सोडायची तिला. जैबुन आजारी पडली तशी रोजच. आगिम जगला, आता जर्मनीत ट्रक चालवतो, हे मला कळलं तेव्हा मी म्हटलं, चला, दुवेचं सार्थक झालं.

मयताच्या दिवशीचं सांगतो. आम्ही कोकणी लोक शाफई रीतीचे. आमच्यात बायको गेली तर नवरा तिला गुस्ल देऊ शकतो, शेवटची आंघोळ घालू शकतो. आम्हाला मुलगी नाही. मी ठरवलं होतं, पाणी मी घालणार. बाह्या वर केल्या. गुस्ल देणारी बहारीनी बाई बाजूला सरली. पण दारात हातीजे. तिची रीत हनफी, त्यात बायको गेली की नवऱ्यानं हात लावायचा नाही.

"ला, हाजी, नाही. निकाह खलास."

"तुझ्यात खलास. माझ्यात नाय. हट."

ती हटली नाही. मागून इरफान, "अब्बा, प्लीज. नॉट नाऊ." लोक बघत होते. जैबुन आत पडलेली, आणि बाहेर आम्ही दोघं म्हातारे दारासाठी भांडतोय... मी बाकड्यावर बसलो. आतून पाण्याचा आवाज येत होता. तांब्या, मग पाणी, मग हातीजेचं पुटपुटणं. एवढी वर्षं ती माझ्या घरात बसली, त्याचं मला कधी वाटलं नाही, तेवढं वाईट त्या पाण्याचं वाटलं.

चाळिसाव्यानंतर ती आली. सून चहा टाकायला गेली. हातीजेनं पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. हिरवी लोकर, पिवळा गळा. घडी तशीच, करकरीत, कापराचा वास.

मला कळेना. "हा तर आगिमचा."

तिनं आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, मी जोडून लिहितो. म्हातारीची ती बातमी बघितल्यावर तिनं भावाला फोन लावला होता. विचारलं, तू होतास का तिथं? तो हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. गावाला जाणाऱ्या ज्या माणसाजवळ स्वेटर दिला होता, तो अजून निघाला नव्हता, त्याच्याकडून तिनं तो परत आणला. माझ्या मोतरच्या हातची ऊब मी त्याला कशी देऊ, म्हणाली. पण जैबुनला सांगायचा धीर झाला नाही. म्हणजे त्यानंतरही आम्ही टीव्हीसमोर पिवळी पट्टी शोधत होतो, आणि ती भिंतीपलीकडे ट्रंकेत होती.

"तिला कधी सांगितलंस?"

"इस्पितळात. आता, शेवटी."

"मग? रागावली?"

"हसली." हातीजेनं हात वर करून उंची दाखवली, माझ्या डोक्याच्या वर हातभर. "आगिम असा. लांब. मी तेव्हाच जैबुनला सांगितलं होतं, हाजीच्या मापानं करू नको, भावाला होणार नाही. ती म्हणायची, बरोबर होतंय. रोज उसवायची, परत तुझ्याच पाठीला लावायची." मग थांबून म्हणाली, "इस्पितळात हसली आणि म्हणाली, ज्याचं माप त्याला दे."

त्या फ्रीजवरच्या फोटोत मान वाकवून उभा असलेला माणूस मी कितीदा तरी बघितला होता. मला नाही दिसलं.

निघताना ती दारात थांबली. "त्या दिवशी, पाणी... माझ्या रीतीनं मी चुकले नाही."

"माझ्या रीतीनं चुकलीस," मी म्हटलं.

"हो," म्हणाली, आणि गेली.

स्वेटर बरोबर बसतो. खांद्यात बसतो, बाहीत बसतो, पोट तेवढं तेव्हा नव्हतं. फ्लॅटचा एसी मी एकदम थंड करतो आणि संध्याकाळी तो घालून टीव्हीसमोर बसतो. सून इरफानला इंग्रजीत काहीतरी सांगते, तो तिला म्हणतो, राहू दे. आगिमचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. त्याच्यासाठी एवढी दुवा मागितली, ती काही परत येत नाही. हातीजेचाही गेलेला नाही, गुरुवारी ती कॉफी घेऊन येते तेव्हा मी कप अर्धा ठेवतो. पण बातम्या बघतो. कुठला ना कुठला डोंगर असतोच, तोंडं बांधलेली माणसं असतात, खाली पट्टीवर त्यांचं त्या दिवसाचं नाव असतं. ते मी वाचत नाही. मी गळे बघतो.