स्पीकरची नाडी

"थांबा वहिनी, आधी नाडी बघू," असं म्हणून मिस्त्री स्पीकरच्या जाळीवर बोट ठेवत आणि डोळे मिटत. वैद्यही इतका वेळ लावत नाहीत.

मागांच्या खटखटाटात कान गमावलेली माणसं भिवंडीत तुम्हीही पाहिली असतील, मिस्त्री त्यातलेच. भिवंडीजवळच पूर्ण्याला आमचा मागांचा कारखाना होता, तिथले बिघडलेले माग मिस्त्री दुरुस्त करायचे. आता तिथे गोदाम आहे. माग गेले तसे शेजारचे हे मिस्त्री कॉम्प्युटरकडे वळले. आमचा कॉम्प्युटरही त्यांनीच सुटे भाग आणून जोडला. डब्याला मागचं-बाजूचं झाकण कधी नव्हतंच. मागावरच्या कोऱ्या कापडाचा पडदा त्यांनीच लावला होता.

त्या डब्यात माझ्या सासूबाई होत्या. म्हणजे त्यांचे धवले, लग्नातली गाणी. आमच्यात लग्नाला धवलारीण गाते, तसे विधी पुढे सरकतात. सासूबाई नावाजलेल्या धवलारीण. मिस्त्रींनी त्यांची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवली होती. नातीची हळद आली आणि ती हटून बसली, "आजी, पणजीचेच धवले पाहिजेत. आणि तूच गायचे."

मला निम्मेच येत होते. तरुणपणी मला वाटायचं, मी गायला लागले की कारखान्यातले माग थांबतात. थांबायचे खरे. लाइट गेलेली असायची.

हळदीच्या आदल्या दिवशी उजळणीला बसले, तर कॉम्प्युटर मुका. गाणं पुढे सरकतंय, आवाज नाही. मिस्त्रींना बोलावलं. सुनेनं ते मोबाईलवर घेऊन पाहिलं. मिस्त्रींनी कुठल्या जुन्या पद्धतीनं साठवलेलं, मोबाईलला उघडेना. "दुसऱ्या कुणाचे धवले लावू," ती म्हणाली.

मिस्त्रींना ते तिच्या ओठांवरून कळलं. "दुसऱ्याचे? न्हाय चालनार! तुटलेला धागा एकच असतो, सापडंल."

स्पीकर मोबाईलला जोडले, वाजले. म्हणजे स्पीकर धडधाकट. मग ते सेटिंगमध्ये शिरले. लेकानं रात्री मोठी स्क्रीन आणून लावली होती, तेव्हापासून कॉम्प्युटर सगळा आवाज तिच्याकडे पाठवत होता, आणि तिला तोंडच नव्हतं. मिस्त्रींनी आवाजाची वाट बदलली, जाळीवर बोट ठेवलं आणि ओरडले, "लागलं!"

"मिस्त्री, तो टेबलफॅन थरथरतोय!" मी फॅनकडे हात दाखवून म्हटलं.

"बेइमान!" म्हणत त्यांनी फॅन बंद केला. जाळी निपचित.

तरी उठले नाहीत. चहा निवला. शेवटी कॉम्प्युटर बंद करून, डबा आडवा पाडून बॅटरी मारली. स्पीकरची पिन जाते त्या भोकात कापूस! त्यांच्याच कोऱ्या पडद्याचे तंतू. लेकानं पिना काढून परत खोचताना ते आत ढकलले होते.

"माझ्याच कपड्यानं गळा धरला की हो," मिस्त्री म्हणाले आणि माझ्या शिवणाच्या सुईनं तो कापूस टोकरून काढला.

कॉम्प्युटर सुरू केला. सासूबाई खणखणीत गायला लागल्या. मी हात जोडले की डोळे पुसले, आठवत नाही. मिस्त्री मात्र बोट ठेवून विचारत होते, "लागलं का? वहिनी, बोला ना, लागलं का?"

मी जोरजोरात मान डोलावली.

"आज दोन धागे तुटले व्हते," ते म्हणाले. "आता बसा. पाठ होईस्तवर उठायचं न्हाय."

हळदीला मी गायले. अडखळले नाही. मांडवातल्या मोठ्या स्पीकरपाशी खुर्ची टाकून मिस्त्री बसले होते. त्यांचं बोट जाळीवर, डोळे मिटलेले. एक धवला संपला की डोळे उघडून सांगत, "चालू हाय. पुढं!"

गेल्या थंडीत मिस्त्री गेले. डबा अजून चालतो. नात माहेरी आली की मी सासूबाईंना लावते आणि नकळत बोट पुढे जातं.

"आजी, तुलाही कमी ऐकू येतं का गं?" तिनं परवा विचारलं.

"नीट येतं," मी म्हटलं. "थांब, आधी नाडी बघू दे."