देवाचा नसलेला मासा

खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण नोकरीतली कुठली केस आठवते असं कुणी विचारलं, की मला आधी ती बोटभर माशांची केस आठवते.

तेव्हा जुन्नर तालुक्यातलं एक पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. मढच्या बाजूला एका गावाजवळ नदीचा डोह आहे, काठावर देऊळ. डोहातला मासा देवाचा, तो धरायचा नाही, ही तिथली पूर्वापार रीत. एका सकाळी फाट्यावरच्या चहावाल्याचा फोन आला. "साहेब, एक पावणं सारखं डोहावर येतंय. पाण्याच्या पिशव्या भरून नेतंय. मला काय बरं दिसत न्हाई."

नाकाबंदीत गाडी सापडली. थर्माकोलच्या खोक्यांत पाणी आणि हवा भरलेल्या पिशव्या आणि त्यांत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे इवले मासे. गाडीवाल्याचं कळंबकडे शोभेच्या माशांचं दुकान. मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी आले. म्हणाले, "हा मासा आपल्या घाटाकडच्या नद्यांतलाच. काचेच्या टाक्यांत दिसतो म्हणून मुबलक वाटतो. नदीत मात्र कमी होत चाललाय."

दुकानदारानं आधी उडवाउडवी केली. खोटं बोलणारा गरजेपेक्षा जास्त बोलतो, म्हणून मी त्याला बोलू दिलं. शेवटी म्हणाला, "देवळातल्या म्हातारीनंच ने म्हणून सांगितलं."

म्हातारी देऊळ झाडायची, दिवाबत्ती करायची, डोहावर नजर ठेवायची. नवऱ्यामागे तिला तेवढाच आसरा. बातमी फुटली आणि गाव ठाण्यात आलं. हिनं देवाचे मासे विकले, हिला देवळातून काढा, असा एकच धोशा.

तिला बाकावर बसवून विचारलं, "मावशी, पैसे घेतले?"

"न्हाई साहेब. आमच्यात मोठा मासा देवाचा. त्याला मी कुनाला हात लावू दिला न्हाई. ह्यो बारका तर पोरं ओंजळीत धरून खेळत्यात. ह्याला कोन मासा म्हनतं?"

दुकानदारानंही कबूल केलं, पैसे दिले नव्हते. मोठ्याला हात लावणार नाही, एवढी शपथ तिनं त्याच्याकडून घेतली होती. मी गर्दीकडे वळलो. "खरं बोलते का ती?" सगळे जमिनीकडे बघायला लागले. एक जण पुटपुटला, "तसंच व्हतं, साहेब." मला संताप आला. समज सगळ्या गावाची आणि खापर एकटीच्या माथी!

विनापरवाना मासे धरल्याबद्दल दुकानदारावर गुन्हा नोंदवला. मुद्देमाल सील करून ठेवायची आमची सवय, पण हा मुद्देमाल जिवंत होता. पंचनामा, फोटो, दुपारी कोर्टाची परवानगी आणि तडक डोह. त्या केसनंतर कुठंही गेलो तरी मी आधी विचारायचो, इथं मनाई नेमकी कशाला आहे? जे मनाईतून सुटतं, चोर तिथंच हात घालतो.

काठावर एक पिशवी म्हातारीच्या हाती देत सरपंच म्हणाले, "आजी, सोडा आता. देऊळ तुमच्याकडंच राहील."

तिनं पिशवी पोटाशी धरली. "आधी सांगा, आजपासनं ह्योबी देवाचा का न्हाई?"

सरपंचांनी गावाकडे पाहिलं. "देवाचा," ते म्हणाले.

मग तिनं गाठ सोडली.