टोपलीत उरलेल्या टोप्या

फोन शुक्रवारी सकाळी आला. सॅम्युअलकाका, माझ्या बाबांचे थोरले भाऊ, नागपूरजवळ कळमेश्वरच्या आपल्या पंपांच्या कारखान्यात बसल्या जागी गेले होते. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो, मग दफन करता येत नाही. हातात तेवढाच दिवस होता… आणि कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसामागची प्रार्थना, म्हणायला आमच्यातले दहा पुरुष लागतात. एवढे नागपुरात नाहीत.

आजवर ते काकाच जमवत. सदर बाजारातल्या आपल्या दुकानावरची खोली त्यांनी प्रार्थनेला दिली होती. कुणाचीही पुण्यतिथी असली की मुंबईला फोन, तिकिटं, जेवण, सगळं त्यांचं. कोकणातल्या आमच्या समाजातल्या मुलांच्या फिया, म्हाताऱ्यांची औषधं, तीही तशीच, गाजावाजा न करता. माणसं मोजू नयेत अशी आमची रीत, म्हणून ते दाराशी वेताच्या टोपलीत दहा टोप्या ठेवत. टोपली रिकामी झाली की प्रार्थना सुरू. शेवटची, तळाची मखमली, ते स्वतः उचलत. लहानपणी मी टोपलीकडेच बघत बसायचे.

"काका, एखादी उरली तर?"

"मी उरू देतो काय? तू काहून घाबरून राहिली वं?"

त्या शुक्रवारी टोप्या उरल्या. खाली रस्ता माणसांनी भरला होता. दुकानदार शटर ओढून आले होते. बाजारातल्या कामकरी मुलींसाठी काकांनी, व्यापारी संघाचे अध्यक्ष म्हणून, स्वच्छतागृह बांधून घेतलं होतं, त्याही आल्या होत्या. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. शेजारचे हार्डवेअरवाले वासुदेवराव वर आले.

"काहून थांबले सारे?"

मी हळूच सांगितलं.

"माणसं कमी? अवं, अर्धं सदर खाली उभं हाये! दे मले टोपी."

"आमच्यातलेच लागतात, वासुदेवकाका. मीसुद्धा चालत नाही."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "आमच्या अध्यक्षाले माणसं कमी पडली…" एवढंच म्हणाले आणि मय्यतीला खांदा द्यायला गेले.

कद्दिश न म्हणताच काकांना पुरलं.

अनोळखी माणसाला फोन लावायचं मी नेहमी टाळते. तरी काकांना जाऊन महिना झाल्यावरच्या प्रार्थनेसाठी मी मुंबईला फोन करत राहिले. "बघतो," असंच बहुतेक म्हणाले. प्रार्थनेच्या दिवशी मी दाराशी उभी होते. एकेक टोपी गेली, मखमली तेवढी राहिली. बराच वेळ जिन्यावर काही वाजलं नाही. मग एक दूरचे नातलग धापा टाकत आले, टोपलीपाशी थबकले.

"ही त्यांची ना?"

"घाला," मी म्हणाले.

कद्दिश झालं. पाहुणे परत गेले. टोप्या घालून बसलेल्यांत, बाबांसकट, एकाचंही डोकं काळं नव्हतं. मी मखमली पुन्हा तळाशी ठेवली, वर बाकीच्या रचल्या. आता खोली झाडायला जाते, तेव्हा दाराशी ती भरलेली टोपली असते… तिच्याकडे न बघता मी आधी खिडक्या उघडते.