पुलाकडे पाठ करून

सिडनीत बंदरावरच्या पुलासोबत फोटो हवा असलेल्या प्रत्येक नवरा-नवरीला लाम्ब्रोस कालाफातिस आधी तिरकसपणे विचारायचा, “फोटो कुणाचा? पुलाचा की तुमचा?” निम्मी जोडपी तिथेच नाराज व्हायची. मग त्यांना चुचकारायचं काम माझं. मी फोतिनी, नववधूंचे केस बांधणारी. तेवीस वर्षं दर शनिवारी त्याच्याबरोबर वाऱ्यात उभी राहून मी नववधूंच्या डोक्यावरच्या जाळीच्या ओढण्या धरल्या आहेत.

जागा निवडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुलाच्या पायथ्याशी तो कुणाला उभंच करत नसे. तिथे माणसं मुंगीएवढी दिसतात. पलीकडच्या कड्यावर ऑपेरा हाउस आणि पूल दोन्ही मिळतात, पण सकाळी. संध्याकाळी ऊन कॅमेऱ्याच्या तोंडावर येतं आणि नवरी काळवंडते. पुलाची कमान नवऱ्याच्या डोक्यातून शिंगासारखी उगवली, तर शिव्या नवऱ्याला बसायच्या.

अशाच एका शनिवारी त्याची बायको कातिना हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती. “शब्द दिलाय, चारपर्यंत परत येतो,” असं सांगून तो परक्याच्या लग्नाला आला. ती तीन वाजता गेली. मीही त्याच लग्नात पिना टोचत होते, तेव्हा मला बोलायला तोंड नाही. त्यांची एकुलती एक मुलगी थालिया मात्र त्यानंतर सहा वर्षं बापाशी बोलली नाही. त्याने धंदा बंद केला, आणि शनिवारी माझ्या दुकानात येऊन मुकाट्याने कॉफी प्यायला लागला.

यंदा एप्रिलमध्ये तो आला तो चेहरा बदलूनच.

“थालियाचा फोन होता. मेमध्ये लग्न आहे तिचं.”

“अगं बाई! मग?”

“विचारत होती, ‘बाबा, चार वाजता पुलाबरोबर फोटो कुठून चांगला येईल? आजी चाकांच्या खुर्चीत आहे, पायऱ्या नकोत.’ फोटो काढणारी दुसरीच ठरलीय.”

“आणि तुला बोलावलं?”

“जागा विचारली.”

“लाम्ब्रो, सिडनीत काय जागा सांगणारे मेलेत? बोलवायचंय म्हणूनच विचारलं असेल ना.”

“तुझ्या तोंडात साखर पडो,” असं तो म्हणाला नाही, पण कॉफीत तीन चमचे घालून घेतली.

पुढचे दहा दिवस तो रोज चार वाजता बंदरावर जायचा. एका ठिकाणी पायऱ्या, दुसरीकडे नवं कुंपण, तिसरीकडे इमारतीची सावली. शेवटी ब्लूज पॉइंटच्या खालचं गवत त्याच्या पसंतीला उतरलं. तिथे आजीची खुर्ची रस्त्यावरून थेट आत येते आणि मेमधलं उतरतं ऊन सरळ चेहऱ्यावर पडतं. नवरीने कुठे उभं राहायचं, आजीने कुठे, सगळं त्याने कागदावर काढून पाठवलं. उत्तर आलं, ‘आभार.’ तरी त्याने काळा सूट धुवायला टाकला, नवे बूट घेतले. पत्रिका काही आली नाही. मी विचारायचं सोडून दिलं.

थालियाचे केस मात्र मीच बांधले. चर्चमध्ये नवरीला बाप आत नेतो; तिला मामाने नेलं. चार वाजता आम्ही त्या गवतावर पोचलो, आणि मला पाण्याकाठच्या बाकावर काळा सूट दिसला. फोटोची कड कुठे संपते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो बरोबर कडेच्या बाहेर बसला होता. पण या नव्या बाईची लेन्स जास्त रुंद होती.

“बाकावरचे आजोबा येतायत मध्ये,” ती म्हणाली. “असू देत. मासे धरणारे, कुत्रेवाले, सगळ्यांना नंतर पुसून टाकते.”

माझ्या तोंडात पिना होत्या. थालियाने मान वळवून एकदा मागे पाहिलं, आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे तोंड केलं. मला बापलेकीला एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली. फोटो झाले, गाड्या निघाल्या. तो बाकावरून हलला नाही.

जूनमध्ये त्याने माझ्यापुढे एक मोठा फोटो ठेवला. पाकिटावर अक्षर थालियाचं, आत चिठ्ठी नाही. पूल स्वच्छ, आजीच्या तोंडावर ऊन. मासे धरणारे गायब, कुत्रेवाले गायब. बाकावर मात्र तो होता, नव्या बुटांसकट.

“ठेवलंय तुला,” मी म्हटलं. मला रडू आवरेना.

“फ्रेम बिघडली,” तो म्हणाला. “बाक यायला नको होता.” मग बराच वेळ तो फोटोवरून बोट फिरवत राहिला, बाकापासून तिच्यापर्यंत.

“काल जाऊन मोजून आलो, फोतिनी. चाळीस पावलं. मी उठायला हवं होतं.”